रुग्णालयाच्या स्वागतकक्षातील नोकरीसाठी कपडे कसे निवडावेत?

प्रश्न : कृष्णाकाठची_कन्या

सर्वांना नमस्कार. मी मूळची कराडची असून वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर पुण्यातील एका खासगी मल्टिस्पेशालिटी रुग्णालयात स्वागतकक्षावर माझी निवड झाली आहे. १ जुलैला रुजू व्हायचे आहे. पहिले तीन महिने प्रशिक्षणाचे असून नेमणूक कायम झाल्यावरच संस्थेचा गणवेश मिळेल. तोपर्यंत ‘फॉर्मल व नीटनेटके कपडे घालावेत’ एवढीच सूचना नेमणूकपत्रात दिलेली आहे आणि त्यातून नेमके काय समजावे, हे मला कळत नाही.

काम नोंदणी काउंटरवर आहे. नव्या रुग्णांची नोंद करणे, डॉक्टरांच्या वेळा देणे, दाखल होणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांकडून अर्ज भरून घेणे आणि फोन घेणे, असे त्याचे स्वरूप मला सांगण्यात आले आहे. एक आठवडा सकाळी ८ ते ४ आणि पुढचा आठवडा दुपारी २ ते १० अशी पाळी असेल. कोथरूडमध्ये तीन मुलींसोबत खोली घेतली असून कपडे वाळत घालायला एक लहानशी गॅलरी आहे. जाणे-येणे पीएमपीच्या बसने करावे लागेल.

आईचे म्हणणे असे आहे की साडी नेसावी, कारण साडीतल्या मुलीशी माणसे अदबीने बोलतात. आयटी कंपनीत काम करणारी माझी मैत्रीण शर्ट आणि ट्राउझर सुचवते. माझ्याकडे सध्या कॉलेजात वापरलेले कुर्ते, लेगिंग आणि दोन जीन्स आहेत. नवीन खरेदीसाठी साधारण ७,००० रुपये बाजूला ठेवले आहेत, त्यातच पादत्राणेही बसवायची आहेत. ओढणी घ्यावी की नाही, रंग कोणते असावेत आणि टिकली, बांगड्या, पैंजण चालतात का, याविषयी प्रत्यक्ष हे काम केलेल्यांनी मार्गदर्शन केल्यास फार मदत होईल.

उत्तर : अनुराधा_फ्रंटऑफिस

सर्वप्रथम अभिनंदन. मी पुण्यातच रुग्णालयाच्या फ्रंट ऑफिसमध्ये बरीच वर्षे काम करत आहे आणि आता नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना प्रशिक्षण देण्याचे काम माझ्याकडे आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

माझे पहिले सांगणे असे की कपडा आरशासमोर उभे राहून निवडू नका, तर त्या कामात ज्या हालचाली कराव्या लागतात त्या करून पाहून निवडा. दुकानात ट्रायल रूममध्ये कुर्ता घातला की खाली बसा, दोन्ही हात वर नेऊन फळीवरची फाइल काढल्यासारखे करा आणि मग कमरेतून पुढे वाका. हे वाकणे सगळ्यात महत्त्वाचे आहे. काउंटर उभ्या माणसाला सोयीच्या उंचीचा असतो आणि व्हीलचेअरवरचा रुग्ण त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही, म्हणून अर्ज घेऊन तुम्हालाच बाहेर यावे लागते आणि त्याच्या गुडघ्यावर पॅड धरून, कुठे सही करायची ते वाकून दाखवावे लागते. त्या क्षणी एका हातात पॅड, दुसऱ्या हातात पेन असते. गळा सावरायला तिसरा हात नसतो. म्हणून गळा बंद, कॉलरचा किंवा गळपट्टीच्या हाडापर्यंतच असावा. ही अट कोणाच्या नजरेसाठी नसून तुमचे लक्ष पूर्णपणे त्या रुग्णाकडे राहावे यासाठी आहे.

कुर्त्याची उंची गुडघ्यापर्यंत किंवा त्याखाली दोन-तीन इंच ठेवा. घेरदार अनारकली आणि घोट्यापर्यंतचे कुर्ते दिसायला शोभिवंत असले तरी काउंटरमागे चाकांची खुर्ची असते, घेर चाकाखाली जातो आणि घाईने उठताना फाटतो. सैल सोडलेल्या ओढणीचेही तसेच होते. ओढणी घ्यायची असेल तर दोन्ही खांद्यांवर पिन लावून घ्या, मात्र छातीवरचे नावाचे बिल्ले तिच्याखाली झाकले जाऊ नयेत, कारण घाबरलेल्या नातेवाइकाला ‘त्या मॅडमनी सांगितले’ असे म्हणण्याऐवजी तुमचे नाव सांगता आले, तर त्याचे पुढचे काम पुष्कळ सोपे होते. सुती जॅकेट किंवा कॉलरचा कुर्ता असेल तर ओढणी नसली तरी चालते. लेगिंगऐवजी सरळ शिवलेली पँट घ्या. लेगिंगचे कापड बसल्यावर ताणून पारदर्शक होते आणि दिवसभर बसून मांडीजवळ त्यावर बारीक गोळे येतात. बाही कोपराच्या खाली, थ्री-फोर्थ असावी. मनगटापर्यंतच्या बाहीला शिक्क्याच्या पॅडची शाई लागल्यावाचून राहत नाही.

रंगांबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. खरेदीला जाण्यापूर्वी त्या रुग्णालयाच्या प्रतीक्षालयात अर्धा तास बसून या आणि परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी, सुरक्षारक्षक यांचे गणवेश कोणत्या रंगांचे आहेत ते पाहून घ्या. ते रंग टाळा. तुम्ही परिचारिकांच्या रंगात दिसलात तर लोक सलाइन संपल्याचे तुम्हाला येऊन सांगतील आणि त्यांच्या रुग्णासाठी मिनिटे वाया जातील. उरलेल्या रंगांपैकी मोरपंखी, राखाडी, फिकट जांभळा, मातकट गुलाबी असे शांत रंग निवडा. भरजरी, चमकदार काही नको. आमच्या काउंटरवर एक जण बाळाच्या जन्माच्या कागदांसाठी पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा असतो आणि त्याच्या मागच्या माणसाला मृत्यूबाबतचे कागद हवे असतात. दोघांशीही त्याच कपड्यांत बोलायचे असते, आणि दोघांनाही तो पोशाख खटकू नये, एवढे पाहिले की ‘फॉर्मल’ या सूचनेचे आपल्या कामापुरते उत्तर मिळते.

टिकली, कानातले लहान टॉप्स, एक पातळ कडे किंवा घड्याळ, हे सारे चालते. काचेच्या बांगड्या टंकलेखन करताना टेबलावर सतत वाजतात आणि फोनवरच्या माणसालाही ऐकू येतात, म्हणून त्या कामावर नकोत, पैंजणांचेही तेच. सेंट किंवा अत्तर मात्र अजिबात लावू नका. मोगऱ्याचा गजराही कामावर नको. केमोथेरपी चालू असलेले रुग्ण, पहिल्या महिन्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांना उग्र वास सहन होत नाही आणि हे सर्व तुमच्यापासून हातभर अंतरावर उभे असतात.

उत्तर : गणवेश_सोलापूर

अनुराधाताईंनी कपडा कसा बेतावा हे सांगितले, मी कापडाविषयी लिहितो. आमचा गणवेश शिवण्याचा व्यवसाय आहे. सोलापूर चादरी आणि टॉवेलसाठी सर्वांना ठाऊक आहे, पण गणवेश शिवण्याचेही ते मोठे केंद्र आहे आणि शाळांबरोबर रुग्णालये, हॉटेले यांचेही कपडे येथे शिवले जातात.

जुलै महिना, लहान गॅलरी आणि तीन-चार मुलींचे कपडे, ही अडचण मला सर्वांत मोठी वाटते. जाड शुद्ध सुती कापड पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि अर्धवट ओला कपडा घातला की त्याला कुबट वास येतो. उलट संपूर्ण पॉलिस्टर लवकर वाळते, पण बसच्या गर्दीत घामाने अंगाला चिकटते. म्हणून पँटसाठी पॉलिस्टर-व्हिस्कोज मिश्र कापड घ्यावे. बाजारात ते पीव्ही सुटिंग म्हणून मिळते आणि त्यात बहुधा ६५ टक्के पॉलिस्टर व ३५ टक्के व्हिस्कोज असते. ते अंगावर नीट सरळ पडते, इस्त्री टिकते आणि रात्री धुतलेली पँट पंख्याखाली सकाळपर्यंत वाळते. कुर्त्यासाठी टेरिकॉट (पॉलिस्टर व सुताचे मिश्र कापड) किंवा पातळ कॅम्ब्रिक सुती कापड योग्य ठरेल. रेयॉन स्वस्त व मऊ असते, परंतु ते पहिल्या धुण्यात आटते आणि लोंबते, त्यामुळे खरेदीच्या दिवशी बरोबर असलेला कुर्ता महिन्याभराने तसाच राहील याची खात्री नसते.

दुकानात तीन गोष्टी पाहाव्यात. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट दाबून थोडा वेळ धरावा आणि सोडावा. सुरकुत्या तशाच राहिल्या तर बसमधून उतरल्यावर कुर्त्याची काय अवस्था होईल ते तिथेच समजते. कापड ट्यूबलाइटसमोर धरून त्यातून हात दिसतो का ते पाहावे, कारण स्वागतकक्षातले दिवे प्रखर असतात आणि बाहेरच्या काचेतून मागूनही उजेड येतो. तिसरे म्हणजे पांढरा रुमाल किंचित ओला करून कापडावर घासावा. रंग कच्चा असेल तर तो रुमालावर उतरतो, आणि असा कपडा रुग्णालयात नकोच, कारण दिवसातून अनेकदा हाताला सॅनिटायझर लावताना थेंब उडतात आणि कच्च्या रंगावर त्यांचे डाग पडतात.

कापड घेऊन शिवणार असाल तर ४४ इंच पन्ह्याचे (रुंदीचे) सव्वादोन ते अडीच मीटर कापड एका कुर्त्याला पुरते. शिवण्याआधी ते एकदा भिजवून वाळवून घ्या. शिंप्याला शिवणीत दोन्ही बाजूंना एक इंच माया, म्हणजे जास्तीचे कापड, ठेवायला सांगा, म्हणजे बैठ्या कामामुळे वजन वाढले तरी कुर्ता उसवून मोठा करता येईल. बाजूचा कट नितंबाच्या हाडापासून सुरू व्हावा, कमरेपासून नव्हे. आणि उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा अवश्य लावून घ्या. बायकांच्या कपड्यांना सहसा खिसा नसतो आणि काउंटरवर पेन, किल्ली व मोबाइल यांसाठी तो दिवसभर लागतो. पुण्यात कापडासाठी लक्ष्मी रस्ता सर्वांच्या परिचयाचा आहे, परंतु वेळ असेल तर रविवार पेठेतल्या कापडगंजात एक फेरी मारा. तिथे ठोक व्यापार असला तरी अनेक दुकानांत किरकोळ मापही देतात.

उत्तर : ज्योत्स्ना_करवीर

मी कोल्हापुरात एका रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर काम करते आणि रोज साडी नेसते, म्हणून या मुलीच्या आईची बाजू थोडी मांडावीशी वाटते. आमच्याकडे आसपासच्या खेड्यांतून वयस्क मंडळी फार येतात. साडीतल्या बाईला ‘वहिनी, जरा बघा की’ असे म्हणायला त्यांना संकोच वाटत नाही आणि त्या मोकळेपणाचा कामात खरोखर उपयोग होतो. साडीत काम होत नाही, हे मला मान्य नाही. शेतापासून शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत बायका साडीतच काम करत आल्या आहेत.

पण ती कामाची साडी असायला हवी. खळ घातलेली सुती साडी बारा वाजेपर्यंत चुरगळते आणि नायलॉन जॉर्जेट खांद्यावरून घसरत राहते. मिश्र धाग्याची, बारीक काठाची, वजनाला हलकी साडी निवडावी. परकर सुतीच असावा, कारण सॅटिनच्या परकरावर निऱ्या सरकतात. पदराच्या निऱ्या घालून त्या खांद्यावर ब्लाउजला आतून पिन कराव्यात आणि पदराची लांबी मांडीपर्यंतच ठेवावी, म्हणजे खुर्चीत अडकत नाही. ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत आणि मागचा गळा बंद असावा. समोरच्या गळ्याचा विचार सगळ्या करतात, पण फाइलसाठी कपाटाकडे वळलो की रांगेतल्या लोकांकडे आपली पाठ असते.

तरीसुद्धा या मुलीला मी पहिल्या महिन्यात रोज साडी नेसू नये, असेच सांगेन. बसमध्ये चढताना पावसाच्या चिखलाने निऱ्यांची कड भिजते आणि ती ओली कड घेऊन आठ तास वातानुकूलित जागेत बसणे प्रकृतीला बरे नाही. ज्यांना रोजची सवय आहे त्यांना पाच मिनिटांत साडी नेसता येते, नवख्या मुलीला सकाळी ८ च्या पाळीसाठी अर्धा तास आधी उठावे लागेल. आठवड्यातून एखादा दिवस, विशेषतः दुपारच्या पाळीत, साडी नेसून पाहावी आणि आपला हात बसला की मग ठरवावे.

उत्तर : टपाल_शाखा

प्रश्नात जीन्सचा उल्लेख आहे म्हणून थोडे लिहितो. मी शासकीय कार्यालयात आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मंत्रालय व शासकीय कार्यालयांतील पोशाखाबाबत सूचना काढल्या, त्यांत महिलांसाठी साडी, सलवार, चुडीदार कुर्ता, तसेच ट्राउझर पँट व त्यावर कुर्ता किंवा शर्ट असा उल्लेख आहे. गडद रंगांचे व चित्रविचित्र नक्षीचे कपडे टाळावेत, स्लीपर वापरू नये आणि शुक्रवारी खादी वापरावी, असेही त्यांत म्हटले आहे. आधी जीन्स आणि टी-शर्ट दोन्ही वर्ज्य होते. पुढे जीन्सची अट शिथिल झाली. या सूचना खासगी रुग्णालयाला लागू नाहीत, पण ‘फॉर्मल’ म्हणजे आपल्याकडे साधारण काय धरतात याचा अंदाज त्यांवरून येतो. जीन्स चालते की नाही हे विचारण्यासाठी मनुष्यबळ विभागाला एक ईमेल पाठवावा आणि उत्तर जपून ठेवावे. त्याच ईमेलमध्ये गणवेशाचे किती जोड मिळतील आणि त्यांचा खर्च कोण करील, हेही विचारून घ्यावे. हे विचारण्यात संकोच करण्याचे काही कारण नाही.

उत्तर : शबनम_प

मी एका रक्ततपासणी केंद्राच्या काउंटरवर आहे आणि डोक्याला स्कार्फ बांधते. इथे वाचणाऱ्या इतर मुलींसाठी लिहीत आहे. मी मुलाखतीलाच स्कार्फ बांधून गेले होते आणि त्याच वेळी त्याविषयी स्पष्ट विचारले, त्यामुळे नंतर प्रश्न आला नाही. जर्सीच्या कापडाचा एकरंगी स्कार्फ सरकत नाही आणि त्याला फार पिना लागत नाहीत. टोके कुर्त्याच्या आत खोचते, म्हणजे नमुन्यांच्या ट्रेवर काही लोंबत नाही. फोनचा हेडसेट वापरायचा असेल तर कानावरचा पदर एकेरी ठेवावा, दुहेरी झाला की पलीकडचे बोलणे नीट ऐकू येत नाही आणि रुग्णाचे नाव चुकीचे लिहिले जाण्याचा धोका असतो.

प्रतिसाद : कृष्णाकाठची_कन्या

सर्वांचे मनापासून आभार. आईलाही हे सर्व वाचून दाखवले. ज्योत्स्नाताईंचे लिहिणे तिला विशेष आवडले आणि तिच्याकडची एक हलकी साडी ती मला देणार आहे. पुढच्या आठवड्यात रुग्णालयाच्या प्रतीक्षालयात बसून रंग पाहून येईन. आता दोनच शंका उरल्या आहेत. ७,००० रुपयांत नेमके काय आधी घ्यावे आणि पावसाळ्यात पादत्राणे कोणती असावीत?

उत्तर : अनुराधा_फ्रंटऑफिस

सुरुवात पादत्राणांपासून करा, कारण त्यांच्यातच काटकसर करू नये. ‘बसून काम’ असे सांगितले जाते, पण सकाळी ओपीडी सुरू झाली की पहिले दोन-तीन तास तुम्ही उभ्याच असता. पुढून बंद, टाच इंचभर, रबरी तळ असलेले आणि चालताना टकटक न वाजणारे काळे बूट १,२०० रुपयांपर्यंत मिळतील. पुढून बंद यासाठी की स्ट्रेचर आणि ऑक्सिजनच्या ट्रॉलीची चाके काउंटरसमोरूनच जातात. बसमध्ये मात्र ते घालू नका. प्रवासाला साधी पावसाळी चप्पल वापरा आणि बूट लॉकरमध्येच ठेवा, तसेच मोज्यांचा एक कोरडा जोडही तिथे असू द्या.

उरलेल्या पैशांत ७०० रुपयांच्या आसपासचे चार कुर्ते आणि ६०० च्या दोन पँट घ्या, एक काळी आणि एक राखाडी किंवा नेव्ही, म्हणजे चारही कुर्ते दोन्हींवर चालतील. इथवर ५,२०० रुपये होतात. साधारण ७०० रुपयांचे एक पातळ कार्डिगन घ्या, कारण रुग्णालयाचे वातानुकूलन तुमच्या सोयीने कमी-जास्त होत नाही आणि सरकत्या दारातून ओला वारा येत राहतो. पिना, आतल्या स्लिप व इतर किरकोळ वस्तूंसाठी ३०० धरा. राहिलेले ८०० रुपये आत्ता खर्च करू नका. पंधरा दिवस काम केल्यावर आपल्याला कशाची उणीव भासते ते कळेल, तेव्हा ते उपयोगी पडतील. गणवेश मिळाल्यावरही यातले काही वाया जाणार नाही.

जुने कॉलेजचे कुर्ते फेकू नका. त्यातला बरा, गडद रंगाचा एक कुर्ता आणि एक पँट लॉकरमध्ये कायम घडी घालून ठेवा. कधी चहा सांडतो, कधी मासिक पाळी अचानक येते, कधी बाळ खांद्यावर उलटी करते, आणि कामाची पाळी संपायला अजून पाच तास असतात.

उत्तर : गणवेश_सोलापूर

एक भर घालतो. काळ्या पँटच्या बैठकीच्या जागी रोजच्या इस्त्रीने चकाकी येते. पँट उलटी करून इस्त्री करावी, किंवा वरून ओलसर सुती फडके ठेवून करावी, आणि दोन्ही पँट एकाआड एक दिवस वापराव्यात.